डोक्यामागची भिंत

"भिंतीला डोकं टेकू नका," मी ओरडलो, आणि ती बाई चटका बसल्यासारखी पुढे झाली.

डोळ्यांच्या दवाखान्याची बाजूची भिंत होती. कुणीतरी काळ्या रंगाच्या फवाऱ्याने आपलं टोपणनाव माणसाएवढ्या अक्षरांत त्यावर लिहून ठेवलं होतं. आम्ही सकाळपासून त्याच कामावर होतो. जेल लावलं, रंग सुटेपर्यंत थांबलो, ब्रश मारला, मग गरम पाण्याचा मारा केला. तोही खालून वर. वरून खाली केला तर रंगाचे ओघळ कोरड्या दगडात मुरतात आणि पुन्हा निघत नाहीत. अक्षरं गेली होती. माझा जोडीदार नळी गुंडाळत होता. भिंतीलगतच्या बाकावर रोग्यांबरोबर आलेली माणसं बसली होती. त्यातल्या एका बाईने मांडीवरची पिशवी घट्ट धरली, डोळे मिटले आणि दमलेलं माणूस सोडतं तसं डोकं हळूहळू मागे सोडलं. ते भिंतीला लागायच्या आत मी ओरडलो होतो. "माफ करा, रंग ओला आहे का?" तिने विचारलं. मी नाही म्हणालो. "मग औषध आहे का कसलं?" औषधही नव्हतं, ते केव्हाच धुऊन गेलं होतं. "ओली आहे," मी म्हणालो. तिने तळवा लावून बघितला, तळव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पाणीच आहे की," ती म्हणाली. पण ती परत टेकली नाही. नाव पुकारेपर्यंत ताठ बसून राहिली. मी समोर उभा राहून अवजारं पुसत होतो आणि मनात म्हणत होतो, टेका आता, टेका.

माझ्या जोडीदाराला सगळे सायलेन्सर म्हणतात, कारण त्याच्या तोंडाला तो बसवायचा राहून गेला आहे. गाडीत बसल्याबरोबर तो सुरू झाला. "काका, भिंत तुमच्या सासऱ्याची होती का? बिचारीवर केवढ्याने खेकसलात." मी म्हटलं, गाडी चालव. "चालवतोच आहे. पण दवाखानेवाले आपल्याला पुढच्या वेळी बोलावतील ते तुमचे डोळे तपासायला." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. गाडीत बसलो की मी भिंतीच बघतो. बायको असताना आम्ही दोघं कुठे निघालो तर ती म्हणायची, लोक दुकानं बघतात, माणसं बघतात, तुम्ही दोन दुकानांच्या मधली भिंत बघता. खरं होतं ते. आजही मला भिंतच दिसत होती, पण त्यावरचं लिखाण दिसत नव्हतं. प्रत्येक भिंतीवर बसल्या माणसाचं डोकं जिथे येईल तेवढीच जागा दिसत होती. बसथांब्याची भिंत, न्हाव्याच्या दुकानाबाहेरची भिंत, कचेरीच्या जिन्यातली भिंत. सगळीकडे त्याच उंचीवर एक मळकट पट्टा असतो. इतकी वर्षं या धंद्यात घालवून तो मी आजच पाहिला. कुणी त्याची तक्रार करत नाही, कुणी तो पुसायला आम्हाला बोलावत नाही.

ते वाक्य त्या बाईसाठी नव्हतंच. ते आमच्या घरातलं वाक्य होतं. लग्न झाल्यापासून मी ते बायकोला म्हणत आलो आणि ती ते ऐकून सोडून देत आली. केसांना तेल लावून ती कॉटवर बसायची, पाय पोटाशी घ्यायची आणि डोकं भिंतीला लावायची. मी म्हणायचो, "डोकं टेकू नकोस, डाग पडतो." ती म्हणायची, "तुम्ही जगाच्या भिंती पुसा. ही एक माझी." एवढंच. ते भांडण नव्हतं. इतर घरांत जेवायला वाढू का विचारतात तसं आमच्यात हे होतं. मग ती विचारायची, "आज काय पुसलंत?" मी सांगायचो. दोन नावं आणि मध्ये बदाम. कुणाचा तरी फोन नंबर. एका शाळेच्या भिंतीवर शिवी. "कोणती?" मी सांगायचो नाही. "एवढा मोठा बाप्या, हाताने पुसता ती तोंडाने सांगता येत नाही?" शेवटी मी हळूच सांगायचो आणि ती इतकी हसायची की हसता हसता खोकला यायचा. तेव्हा तो नुसता खोकला होता. एकदा तिने विचारलं होतं, "ज्यानं लिहिलं तो परत येऊन बघत असेल का हो?" मी म्हटलं, बघत असेलच, म्हणून तर पुन्हा लिहितात. ती म्हणाली, "तसं नाही. पुन्हा न लिहिणारा. नुसता येऊन उभा राहणारा."

मग खोकल्याचा दम झाला. आडवं झालं की श्वास घुसमटायचा, म्हणून ती बसून झोपायला लागली. आधी अंगाखाली एक उशी, मग दोन, शेवटी शेवटी लेकीने आणलेली फोमची मोठी गादी. भिंतीवर हे सगळं उमटलेलं आहे. दुसऱ्या कुणाला तिथे एकच डाग दिसेल, पण मी धंदेवाला माणूस आहे, मला दोन दिसतात. खालचा जुना. तो पसरट, फिका, कडेला पिवळा, ती धडधाकट असतानाचा. वरचा नंतरचा. तो लहान आणि गडद, जरा डावीकडे झुकलेला, कारण मी कामावरून कधी येतो ते बघायला तिची मान दाराकडे वळलेली असायची. दोन्हींच्या मध्ये एक पुसट पट्टा आहे. उशा एकेक करून वाढत गेल्या, तो हा काळ. तिच्या अंगातलं बळ खाली येत गेलं आणि डाग वर चढत गेला.

ती गेली तेव्हा घर किती लवकर रिकामं झालं. हवा देणारं यंत्र भाड्याचं होतं, ते दुसऱ्याच दिवशी दोन माणसं येऊन घेऊन गेली. कपडे लेकीने नेले, औषधं दुकानदाराने परत घेतली. गादी खालच्या मजल्यावर एका म्हाताऱ्यांना हवी होती, त्यांना दिली. मी कुणाला अडवलं नाही. आमच्या धंद्यात वस्तू कुणी धरून ठेवत नाही. जागा मोकळी झाली की लोक खूश होतात आणि आपणही आवरून निघतो. सगळं गेल्यावर मी चहा करून घेतला आणि कॉटवर बसायला वळलो, तेव्हा तो डाग दिसला. आधी दिसला नव्हता असं नाही. पण तेव्हा त्याच्या पुढे ती असायची.

मी बसलो नाही. बसलो असतो तर माझं डोकं तिथेच गेलं असतं. माझ्या केसांचं तेल, माझ्या मानेचा घाम तिच्यात मिसळला असता. मी कॉट भिंतीपासून हातभर पुढे ओढली आणि समोरच्या भिंतीशी, खाली जमिनीवर अंथरूण टाकलं. तिथून डाग नीट दिसतो. मग लक्षात आलं की पंखा लावला की धूळ उडते आणि तेलकट जागेवर धूळ आधी बसते. पंखा बंद केला. खिडकीतून रस्त्यावरचा धूर येतो, खिडकी लावून घेतली. फोडणीचा वाफारा आत येऊ नये म्हणून स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायला लागलो, पुढे पुढे फोडणीच बंद केली. खोलीत हवा साचून राहते. अंगातला घाम सुकत नाही. कधी कधी उठून खिडकी सताड उघडावीशी वाटते. हात कडीपर्यंत जातो आणि तिथेच राहतो. श्वास पुरत नाही म्हणजे काय होत असेल, हे ती असताना मला फक्त बघून माहीत होतं.

पण त्याहून वाईट दुसरंच आहे. मला तो डाग नुसता बघता येत नाही. मी तिची आठवण काढायला म्हणून बघायला लागतो आणि थोड्याच वेळात डोकं धंद्याच्या रस्त्याला लागतं. तेल आहे, पाण्याने जाणार नाही. आतला गिलावा चुन्याचा, म्हणजे तेल खोल गेलेलं. नुसता रंग मारला तर महिन्याभरात पुन्हा वर येईल. पांढऱ्या मातीत औषध कालवून जाड लेप द्यावा, वर प्लास्टिक चिकटवावं, माती सुकता सुकता तेल ओढून घेईल. असे दोन लेप दिले की सफाचट. हे सगळं आपोआप डोक्यात येतं. हाताला अक्षरशः खाज सुटते. मी हात पाठीमागे धरतो. मला वाटतं, दुसरा कुणीही नवरा असता, कारकून असता, शिंपी असता, तर त्याला इथे त्याची बायको दिसली असती. मला काम दिसतं. डोळे मिटले तर डाग मिटल्या डोळ्यांपुढे येतो आणि उघडले तर त्याच्यावरचा इलाज. या दोहोंच्या मध्ये मी अंथरुणावर पडून असतो.

लेक दर रविवारी येते, एरवी स्वयंपाकघरातच बसून चहा घेते आणि निघते. ती एका कारखान्याच्या गोदामात हिशेबनीस आहे, आठवडाभर उभ्याने मोजदाद करते. दवाखान्याच्या कामाआधीच्या रविवारी ती आली, चपला काढल्या, कॉट पुढे ओढलेली बघून पायाने ढकलून परत भिंतीशी लावली आणि वर बसून पाय पोटाशी घेतले. अगदी आईसारखे. आणि डोकं मागे सोडलं. मी स्वयंपाकघराच्या दारात हातात कप घेऊन उभा होतो. "टेकू नकोस," मी म्हणालो. हळू म्हणालो असं मला वाटलं होतं. ती दचकली, मागे वळून भिंतीकडे बघितलं आणि तिच्या लक्षात आलं. "बाबा, मी आईच्या जागी टेकत होते," ती म्हणाली. मी म्हटलं, म्हणूनच. "म्हणूनच म्हणजे? माझं डोकं काय लोकाचं आहे?" मी म्हटलं, तसं नाही, तुझ्याही केसांना तेल असतं, तुझं तिच्यात मिसळेल, मग कोणतं कुणाचं ते कळणार नाही. मग तिने पंख्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, जमिनीवरच्या अंथरुणाकडे बघितलं. ती हिशेबनीस आहे, तिला मोजायला वेळ लागत नाही. "या खोलीत श्वास तरी घेता येतो का तुम्हाला?" तिने विचारलं. मी म्हटलं, येतो की. "मला येत नाहीये," ती म्हणाली. तिने खिडकी उघडली. मी जाऊन लावली. तिने पुन्हा उघडली नाही. चहा न घेता चपला घातल्या. दारात थांबून म्हणाली, "पुढच्या रविवारी रंगारी घेऊन येते. ही भिंत रंगवून टाकू. आई गेली ती गेली, तुम्ही कशाला कोंडून घेताय?" मी म्हटलं, रंगातून तेल वर येतं. "तर मग तुम्हीच सांगा त्याला काय लावायचं ते. तुमच्याइतकं कुणाला कळतंय," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. जिन्यात तिचं नाक ओढणं मला ऐकू आलं.

तो आठवडाभर मी तिचा रंगारी डोळ्यांपुढे आणत होतो. त्याची शिडी, बादली, रुंद ब्रश. ज्या सहजतेने मी लोकांच्या भिंती पुसतो त्याच सहजतेने तो पट्टा मारणार, आणि मध्येच कुठेतरी गुणगुणणार. तिला नाही म्हणून सांगता आलं असतं. पण नाही म्हटलं तर ती यायची थांबेल अशी भीती होती, आणि हो म्हटलं तर हे जाणार. दोघींपैकी एकीला ठेवायचं असं झालं होतं. आणि त्या बाईवर ओरडलो तो दिवस त्याच आठवड्यातला. म्हणजे आता हे घराबाहेरही यायला लागलं होतं. उद्या मी बसथांब्यावर उभा राहून लोकांना टेकू देणार नाही.

दवाखान्याच्या कामानंतर दोन दिवसांनी एका दुकानाच्या संगमरवरी खांबांवर आम्ही कोट मारत होतो. हा पारदर्शक कोट असतो, काचेसारखा. एकदा बसला की त्याच्यावर रंग, शाई, तेल काही धरत नाही, ओल्या फडक्याने निघून येतं. सायलेन्सर त्याला पालथा घडा म्हणतो. "काका, हा माझ्या सासूच्या कानांवर मारलेला आहे," असं त्याचं नेहमीचं. तो बोलत होता आणि मी खांबाकडे बघत होतो. कोटाच्या आत दगडातली प्रत्येक शीर जशीच्या तशी, वर काहीही होवो. तेव्हा मला वाटलं, हेच. डागावर कोट मारायचा. मग लेक टेकली तरी चालेल, पंखा लावला तरी चालेल, रंगाऱ्याने पट्टा मारला तरी फडक्याने पुसून काढता येईल. आत ती जशीच्या तशी. दोघीही राहतील. मला इतकं हलकं वाटलं की सायलेन्सरच्या विनोदाला मी हसलो. तो घाबरून म्हणाला, "बरं वाटतंय ना?"

शनिवारी दुपारी उरलेला डबा घेऊन मी घरी आलो. कॉट बाजूला केली. रुंद मऊ ब्रश घेतला, नवा. भिंतीसमोर गुडघ्यांवर बसलो, कारण डाग बसल्या माणसाच्या उंचीवर आहे. इतक्या जवळ मी त्याच्या कधी गेलो नव्हतो. तेलाचा जुनाट वास आला. वरच्या डागात एक केस चिकटलेला होता, अर्धा पांढरा. तो मी तसाच ठेवला. ब्रश बुडवला, निथळला आणि डावीकडून उजवीकडे एक लांब हात मारला. मग दुसरा, त्याच्या खाली. तिसरा मारताना पहिल्याकडे लक्ष गेलं. गडद डागाची कडा सुटली होती. पिवळेपणा कडेतून बाहेर सरकत होता, सावकाश, दुधात काही विरघळावं तसा. कोट पातळ करायला त्यात जे औषध घालतात ते तेल विरघळवतं. हे मला माहीत आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हीच शिकवतो, की काहीही लावायच्या आधी कुणाला न दिसणाऱ्या कोपऱ्यात नाण्याएवढी जागा घेऊन चाचणी कर, थांब, बघ, मगच हात घाल. ही चाचणी मी आयुष्यात कधी चुकवली नव्हती. पण तिला कोपरा नव्हता. नाण्याएवढी जागासुद्धा द्यावी अशी तिच्यात एकही जागा नव्हती. वाया घालवायला काहीच नव्हतं, म्हणून मी चाचणी घेतली नाही, आणि म्हणून सगळंच गेलं.

पुसायला जावं तर आणखी पसरलं असतं. काही न करता बघत राहणं एवढंच हातात होतं. वरचा डाग खालच्यात उतरला, मधला पट्टा भरून गेला, दाराकडे झुकलेली बाजू सरळ झाली. कुणी भिंतीवर पाणी फेकावं तसा एक आकार राहिला, कशाचाच नसलेला. मग कोट सुकला आणि तो आकार तसाच आत बंद झाला. वरून चकाकी आली. खोलीत औषधाचा इतका उग्र वास भरला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मला खिडकी उघडावी लागली. उघडी ठेवायला आता काही हरकतही नव्हती. मी पंखाही लावला. वारा आला. गेले कित्येक महिने मी ज्याच्यासाठी तडफडत होतो तो वारा अंगाला लागत होता आणि मला वाटत होतं, कुणीतरी तो बंद करा.

रविवारी लेक आली. मी जिन्यात पावलं ऐकत होतो. एकटीचीच होती. रंगाऱ्याची शिडी घासल्याचा आवाज येईल म्हणून मी वाट बघितली, तो आला नाही. ती दारात उभी राहून म्हणाली, "नाही आणला रंगारी. राहू दे म्हटलं. तुम्हाला हवंय ना, मग मी खुर्चीत बसत जाईन. त्यात काय." एवढं बोलून ती आत आली आणि तिला फिरता पंखा दिसला, उघडी खिडकी दिसली. ती हसणार होती. मग तिने भिंत बघितली.

"हे काय केलंत?"

मी सांगितलं. कोट, औषध, तेल, सगळं सांगितलं. कामावर ग्राहकाला सांगतो तसं, एकापुढे एक. ती जवळ गेली, बोट लावलं. बोटाने वरच्या डागाची जागा शोधत असावी, पण ते कुठे थांबेना. तिने रडायला हवं होतं असं मला वाटलं. मी म्हटलं, "तू म्हणालीस तसं झालं. आता खोलीत हवा येते." ती म्हणाली, "मी असं म्हटलं नव्हतं, बाबा."

मी कॉट भिंतीशी लावली. "बस," मी म्हणालो. ती बसली. "टेक." ती नको म्हणाली. मी म्हटलं, "टेक गं, आता काही बिघडत नाही." तिने माझ्याकडे बघितलं, पाय पोटाशी घेतले आणि डोकं मागे सोडलं. डोळे मिटून बराच वेळ बसली. दमली होती, मध्येच तिचा श्वास झोपेतल्यासारखा लागला. "गार लागतं," ती म्हणाली. मग उठून पाणी प्यायला गेली.

मी टॉर्च काढला. भिंतीला चिकटवून तिरका धरला, म्हणजे उजेड भिंतीवरून सरपटत जातो आणि पुसूनही राहिलेलं काही असलं तर ते दिसतं. कामाच्या शेवटी मी हे करतो, आणि काही दिसू नये म्हणून करतो. तिने डोकं टेकलं होतं ती जागा मी इंच इंच बघितली. खालून बघितलं, दोन्ही बाजूंनी बघितलं. कोट लख्ख होता. त्यावर ना तेल होतं, ना घाम, ना केस.

ती पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. "काय शोधताय?"

"काही नाही."

"लागलं का माझं काही?"

मी टॉर्च बंद केला. "पुन्हा टेक," मी म्हणालो. "जरा जास्त वेळ."